अंगणातली घोळ: ओळखा, शिजवा, आणि रक्तही तपासा



पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की कळमन्यातल्या आपल्या वस्तीत एक रोपटं जिथे तिथे दिसू लागतं. विहाराच्या मागची मोकळी जागा, पायरीच्या फटी, नळाचा ओटा, तुळतुळीत सारवलेल्या अंगणाचा कोपरा, असं कुठेही ते उगवतं. देठ लालसर, पानं जाड आणि गुळगुळीत, आणि सगळं अंग जमिनीला धरून पसरलेलं. हीच घोळ.

गेल्या पावसाळ्यात विहाराच्या आवारात आम्ही श्रमदान केलं. उपटलेल्या तणाचा ढीग पेटीत भरत होतो, तेवढ्यात एका आजीने आम्हाला थांबवलं. पदर पसरून ती म्हणाली, "फेकू नका व बाई, घोळ हाय हे. आमच्या सासूनं यावर पोरं वाढवली." शेजारी तिची चौदा वर्षांची नात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आजी, लोक पाहून राहिले नं."

आजीचं बोलणं खरं होतं आणि नातीची लाजही समजण्यासारखी होती. पण आमचं लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे गेलं. पोरीचे ओठ पांढुरके होते, डोळ्यांत पिवळसर झाक होती, आणि दोन टोपल्या उचलूनच तिला दम लागला होता. त्या पोरीचं पुढे काय झालं ते या पाठाच्या शेवटच्या भागात सांगू. आधी घोळ नीट शिकून घेऊ, कारण त्या घरात घोळीचा चांगला उपयोगही झाला आणि तिच्यावर नको तेवढा भरवसाही ठेवला गेला.

घोळ ओळखायची कशी

घोळीला वनस्पतीशास्त्रात पोर्टुलाका ओलेरेशिया म्हणतात. हिंदीत कुल्फा किंवा लोनिया, आयुर्वेदात लोणिका. चवीला ती आंबटसर आणि किंचित खारट असते. याच कुळातली बारीक पानांची चिवळ आपल्या विदर्भात उन्हाळ्यात आवडीने खातात. बाजारात चिवळीची जुडी मिळते, तर घोळ बहुतेकदा फुकट उगवते.

खुणा लक्षात ठेवा. देठ गोल, रसदार आणि लालसर किंवा हिरवा असतो, त्यावर लव नसते. पान खाली निमुळतं आणि टोकाला रुंद, लहान चमच्यासारखं. फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची, उन्हात उघडून दुपारनंतर मिटणारी. बी काळं आणि वाळूसारखं बारीक. देठ मोडला की पाण्यासारखा स्वच्छ रस निघतो.

ही शेवटची खूण सर्वात महत्त्वाची. घोळीच्या शेजारीच दुधी नावाचं तण जमिनीला चिकटून पसरतं. दुरून ते सारखंच वाटतं, पण त्याची पानं पातळ असतात आणि देठ मोडला की पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला आणि पोटाला त्रास देतो. चीक पांढरा दिसला, तर ते रोप टाकून द्या.

दुसरं सारखं दिसणारं तण म्हणजे विषखापरा. त्याचीही पानं मांसल असतात, पण जास्त गोल असतात. समोरासमोरच्या जोडीत एक पान मोठं आणि एक लहान असतं. फूल पिवळं नसतं, पांढरं किंवा फिकट गुलाबी असतं. याने काहींना जुलाब होतात. ओळख पक्की नसेल, तर पहिल्या वेळी एखाद्या जाणत्या आजीला सोबत घ्या. पुस्तकातल्या चित्रापेक्षा तिचे हात जास्त जाणतात.

तोडताना जवळपासच्या गाजर गवताला हात लागू देऊ नका. अनेकांना त्याने खाज आणि पुरळ येतं.

कुठली तोडायची, कुठली नाही

घोळ जिथे उगवते तिथलं पाणी आणि मातीतला दोष आपल्या अंगात ओढून घेते. शिसं आणि कॅडमियमसारखे जड धातू तिच्या पानात आणि देठात साठू शकतात. हे धातू धुऊन जात नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. म्हणून आपल्या भागापुरतं स्पष्ट सांगतो.

पिवळ्या नदीच्या किंवा कुठल्याही नाल्याच्या काठची घोळ तोडू नका. रेल्वेच्या रुळांलगतची तोडू नका, तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं. मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या ट्रकच्या रस्त्याकडेची, गॅरेजच्या आणि भंगाराच्या दुकानामागची, कचरा जाळतात त्या जागेची आणि शौचालयाच्या पाण्याच्या वाटेवरची तर नाहीच नाही. शेताच्या बांधावरची घ्यायची असेल, तर गेल्या काही दिवसांत फवारणी झाली का हे शेतकऱ्याला विचारा.

मग राहिली कुठली? आपल्या कुंडीतली, अंगणातली, आणि विहाराच्या आवारातली, जिथे सांडपाणी येत नाही. एवढी पुरते. नाही पुरली तर लावायची कशी तेही पुढे दिलं आहे.

ताटात काय येतं

१०० ग्रॅम कच्च्या घोळीत साधारण २ ग्रॅम प्रथिनं, २ मिलिग्रॅम लोह, ६५ मिलिग्रॅम कॅल्शियम, ६८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४९४ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि २१ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. अ जीवनसत्त्व तयार करणारं कॅरोटीनही चांगलं असतं. तण म्हणून फेकायच्या रोपासाठी हे कमी नाही.

घोळीची आणखी एक विशेष गोष्ट आहे. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम ओमेगा-३ प्रकारचं स्निग्ध आम्ल मिळालं. हृदयाला उपयोगी म्हणून त्याचं नाव घेतात. पालेभाज्यांत एवढं क्वचितच असतं. पण हेही सांगायला हवं की आपल्या घरच्या जवसाच्या चटणीत ते कितीतरी जास्त असतं. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे साधारण १० ग्रॅम जवसात, २ ग्रॅमच्या आसपास. तेव्हा घोळ मिळाली म्हणून जवस सोडू नका.

आता लोहाचा हिशेब करू. प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात म्हटलं आहे. १०० ग्रॅम घोळीतून मिळतात २ मिलिग्रॅम, आणि पालेभाजीतल्या लोहाचा थोडाच भाग शरीर घेतं. म्हणजे घोळीची भाजी ताटातला एक चांगला घास आहे, पण एकट्या घोळीने रक्त भरत नाही. सोबत डाळ, मूग-मटकी, तीळ, अंडी, जमेल तेव्हा मटण, मासळी किंवा कलेजी लागते.

जे लोह ताटात आहे ते अंगी लागावं म्हणून तीन सोप्या सवयी लावा. भाजीवर खाली उतरवल्यावर लिंबू पिळा, कारण शिजताना क जीवनसत्त्व कमी होतं. जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर चहा घेऊ नका. शक्य असेल तर लोखंडी कढईत भाजी करा. घोळ आंबट असल्याने कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्यासाठी मात्र लोखंडी कढई वापरू नका. कारण पुढे येईल.

शिजवायची कशी

निवडताना कोवळे शेंडे आणि पानं घ्या, मुळाजवळचे जून देठ काढा. घोळ जमिनीला चिकटून असते, म्हणून तीन पाण्यांनी धुवा. तिसऱ्या पाण्यात मीठ टाकून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे माती आणि किडे खाली बसतात. चिरायचं ते धुतल्यानंतर.

डाळ घालून घोळ. चार माणसांसाठी निवडलेली घोळ साधारण अर्धा किलो घ्या, शिजल्यावर ती मूठभर होते. अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवा. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं आणि आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या टाका. एक कांदा परता, हळद आणि तिखट घाला. डाळ टाकून अर्धी वाटी पाणी घाला, सात-आठ मिनिटं शिजू द्या. मग घोळ टाका आणि झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटं शिजवा. मीठ शेवटी, आणि नेहमीपेक्षा कमी, कारण घोळ मुळातच खारट आहे.

ताकातली घोळ. घोळ चिरून भरपूर पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा, पाणी टाकून द्या आणि भाजी घोटून घ्या. दोन वाट्या ताकात दोन चमचे बेसन कालवून त्यात घाला. मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा. वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. भाकरीसोबत किंवा भातावर घ्या.

कोशिंबीर. फक्त घरच्या कुंडीतल्या, स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या घोळीची करा. कोवळी पानं, दही, शेंगदाण्याचा कूट, बारीक चिरलेला सांभार, चवीपुरतं मीठ. पावसाळ्यात बाहेरून आणलेली घोळ कच्ची खाऊ नका.

सकाळी तोडलेली घोळ जास्त आंबट लागते, दुपारनंतरची कमी. कडक ऊन आणि पाण्याची टंचाई असली की हे रोप रात्री हवा आत घेऊन आम्ल साठवतं आणि दिवसा ते वापरतं. ज्या घरात पोरांना आंबट नको असेल, त्यांनी संध्याकाळी तोडावी.

जुन्या बाया घोळीत ताक का घालत, याचंही कारण आहे. घोळीत ऑक्झलेट नावाचं द्रव्य पालकाच्या तोडीचं किंवा त्याहून जास्त असतं. मुतखड्याचा एक मोठा प्रकार यापासूनच बनतो. ताक-दह्यातलं कॅल्शियम पोटातच या ऑक्झलेटला बांधतं, त्यामुळे ते रक्तात कमी जातं. उकळून पाणी टाकल्यानेही ऑक्झलेट कमी होतं. आपल्या सासू-आजीने प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण पिढ्यान् पिढ्या रांधून-खाऊन त्यांना जे कळलं ते कमी नव्हतं.

औषध म्हणून खरं किती

भगवान बुद्धांच्या काळातले वैद्य जीवक यांची विनयपिटकातली गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली आहे. तक्षशिलेत सात वर्षं शिकल्यावर आचार्यांनी त्यांना सांगितलं, की आजूबाजूला योजनभर फिरून जी वनस्पती औषध नाही अशी एक तरी आण. जीवक हिंडून रिकाम्या हाताने परतले, आणि आचार्यांनी त्यांचं शिक्षण पूर्ण झालं असं मानलं. ही गोष्ट सांगून काही लोक कुठलाही पाला कुठल्याही रोगावर खपवतात. पण जीवकांनी आधी सात वर्षं अभ्यास केला होता, हे ते सांगत नाहीत. औषधी असणं म्हणजे कोणत्या रोगाला, किती आणि कोणाला नको, हे माहीत असणं.

या कसोटीवर घोळ पाहू.

घामोळ्या आणि किडा चावल्याची आग: धुतलेली पानं ठेचून थोडा वेळ लावली तर थंड वाटतं. कातडी फाटलेली नसेल तरच लावा. खाज वाढली तर धुऊन टाका.

भाजणं: यावर पाला, हळद, टूथपेस्ट काहीच लावू नका. भाजलेली जागा वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, स्वच्छ कापड झाका आणि दवाखान्यात जा.

जुलाब आणि आव: चीनच्या परंपरागत वैद्यकात घोळ आवेवर वापरतात. आपण मात्र लेकराला जुलाब लागले की ओआरएसची पुडी एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून घोट घोट पाजायची आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या. शौचात रक्त आलं, लघवी बंद झाली, लेकरू सुस्त पडलं तर त्याच वेळी दवाखाना.

मधुमेह: घोळीच्या बियांवर काही लहान अभ्यास झाले आहेत. त्यावरून साखरेची गोळी किंवा इन्सुलिन बंद करावं असं काहीही सिद्ध होत नाही. भाजी खा, गोळी चालू ठेवा.

पोट साफ होणं: इतर पालेभाज्यांसारखाच हिच्यातल्या चोथ्याचा उपयोग होतो. हा फायदा साधा आहे, पण रोजचा आहे.

घोळीचा रस, चूर्ण, काढा आणि बाटलीतला अर्क याबद्दल आमचं एकच सांगणं: भाजी खा, अर्क घेऊ नका. अर्धा किलो घोळीचा रस एका पेल्यात बसतो, आणि अर्धा किलोचं ऑक्झलेट एकाच वेळी मूत्रपिंडावर येतं.

कोणी जपून खावी

ज्यांना मुतखडा झाला आहे त्यांनी क्वचित, उकळून पाणी टाकून आणि ताकात खावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि डायलिसिसवरच्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, कारण हिच्यात पोटॅशियमही भरपूर आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरीनची गोळी चालू असणाऱ्यांनी कुठल्याच पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नये. गरोदर बाईने शिजवलेली भाजी जेवणाइतकी, अधूनमधून खायला हरकत नाही, पण रस आणि बियांचं चूर्ण घेऊ नये. निरोगी माणसालाही आठवड्यातून दोनदा पुरे. बाकीचे दिवस मेथी, शेवगा, चवळी, तरोटा, आंबाडी, जे मिळेल ते.

आता त्या पोरीची गोष्ट

श्रमदानानंतर पंधरा दिवसांनी विहारात रक्त तपासणीचं शिबिर ठेवलं. आजी नातीला हात धरून घेऊन आली. हिमोग्लोबिन ७.२ निघालं. चौदा वर्षांच्या मुलीचं ते किमान १२ हवं.

तिची आई मार्केट यार्डात मिरचीचे देठ तोडायला जाते. ती म्हणाली, "बाई, आम्ही काय कमी केलं? दोन महिन्यांपासून रोज घोळीचा रस देऊन राहिलो. मोबाईलवर आलं होतं, एकवीस दिवसांत रक्त वाढते म्हणून." आम्ही विचारलं, हातपाय दुखतात का? "लहानपणापासून. पावसात तर रडते." वारंवार ताप? "येतो." डोळे पिवळे? "कावीळ म्हणून झाडपाला दिला होता."

इथे आम्हाला आमची जुनी चूक कबूल करावी लागते. नोकरीत असताना अशाच एका बाईला आम्ही स्वतः "पालेभाजी खा, लोहाच्या गोळ्या घे" एवढं सांगून तीनदा परत पाठवलं होतं. तिला काय दुखतं ते विचारलं नव्हतं. चौथ्यांदा ती आली ती स्ट्रेचरवर. तिला सिकलसेल होता. ती वाचली, पण तेव्हापासून रक्त कमी असलेल्या कोणालाही आम्ही नुसती भाजी सांगून पाठवत नाही.

त्या पोरीची सिकलसेलची प्राथमिक तपासणी केली, ती सकारात्मक आली. मोठ्या सरकारी रुग्णालयात पुढची तपासणी झाली आणि अहवालात आलं एस-एस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण. आई-बाप दोघंही ए-एस, म्हणजे वाहक. धाकटा भाऊही वाहक.

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे आणि हाडासांध्यांत असह्य वेदना. विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. हे कोणाच्या कर्माचं फळ नाही, शाप नाही आणि बाईचा दोष तर मुळीच नाही. दोन्ही वाहक असतील तर दर खेपेला मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. सरकारी केंद्रात तपासणी फुकट होते.

सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते पेशी फुटतात म्हणून, नेहमी लोह कमी असतं म्हणून नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या अंगात उलट लोह साठतं आणि ते यकृताला, हृदयाला इजा करतं. म्हणून अशा रुग्णाला लोहाची गोळी तपासणी करून डॉक्टरांनी सांगितली तरच द्यायची. या आजारात मूत्रपिंडावरही ताण असतो, म्हणून घोळीचा रोजचा रस त्या पोरीला उपयोगाचा नव्हताच, वर धोक्याचा होता.

आज ती रोज फोलिक अॅसिडची गोळी घेते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे. भरपूर पाणी पिते, थंडी-पावसात अंग जपते. ताप १०१ च्या वर गेला तर घरी थांबायचं नाही, हे घरातल्या सर्वांना पाठ आहे. शाळा सुटलेली नाही. घोळीचा रस बंद झाला, पण आजीची ताकातली घोळ महिन्यातून एक-दोनदा, डॉक्टरांना सांगून, ताटात असते. आता ती लाजत नाही, मैत्रिणीला देठ मोडून दाखवते आणि म्हणते, "पाहा, चीक नाही, म्हणजे घोळ."

ज्यांना सिकलसेल नाही आणि रक्त कमी आहे त्यांनी काय करायचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या दोन घरांतल्या दोन बायांपैकी एक. अशांनी सरकारी लोहाची गोळी घ्यायची. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. मळमळ झाली तर जेवणानंतर घ्या. गोळी ताक, दूध किंवा चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. वर्षातून दोनदा जंताची गोळी विसरू नका, आणि अनवाणी फिरू नका.

मोबाईलवर काही आलं की एक आठवण ठेवा. कुणी सांगितलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा, हे कालाम सुत्तात सांगितलेलं तत्त्व आरोग्यालाही लागू आहे. आमचं सांगणंही त्याच कसोटीवर घासून घ्या.

लाज कशाची, आणि हक्क कशाचा

आपल्या आजी-पणजींनी घोळ, तरोटा, कुंजर खाल्लं ते हौस म्हणून नाही. मजुरीला धान्य मिळेना, विहिरीवर पाणी भरू देईनात, तेव्हा जमिनीने जे दिलं ते त्यांनी ओळखलं आणि पोरं जगवली. त्या ज्ञानाची लाज वाटायचं कारण नाही. आज सरकारी रानभाजी महोत्सवात हीच भाजी टोपलीत सजवून विकली जाते आणि गाडीवाले लोक ती घेऊन जातात.

पण दुसरी बाजूही तितकीच पक्की धरा. गरिबाने तण खाऊन निरोगी राहावं, असं कोणी म्हणू लागलं तर त्याला थांबवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना आणि लहान लेकरांना अंगणवाडीतून आहार मिळायला हवा. घोळ ही या हक्काच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे. कार्डात नाव नसेल तर मंडळात सांगा, आम्ही अर्ज भरायला बसतो.

घरी लावा

फुटका टब, जुनी बादली किंवा तेलाचा डबा घ्या, बुडाला चार भोकं पाडा. स्वच्छ माती आणि थोडं कुजलेलं शेणखत भरा, नाल्याकाठची माती नको. चांगल्या जागेवरून आणलेल्या घोळीचे बोटभर देठ तोडून मातीत खोचा. आठवड्यात मुळं धरतात. ऊन लागतं, पाणी थोडं पुरतं. महिना-सव्वा महिन्यात पहिली तोडणी होते. वरचे शेंडे तोडा, मूळ ठेवा, पुन्हा फुटते. नागपूरच्या उन्हाळ्यात पालक माना टाकतो तेव्हा ही तग धरते.

महिला मंडळात चर्चेसाठी

१. घोळ आणि दुधी यांत फरक सांगणारी एक खूण कोणती? प्रत्यक्ष रोप आणून दाखवा.

२. आपल्या वस्तीत घोळ कुठली तोडावी आणि कुठली नाही, याची यादी करा.

३. ताकातली घोळ मुतखड्याच्या दृष्टीने बरी का?

४. रक्त कमी निघालं तर भाजी सांगण्याआधी कोणते प्रश्न विचाराल?

५. आपल्या घरात सिकलसेलची तपासणी किती जणांची झाली आहे? लग्न ठरवण्याआधी मुलामुलींची तपासणी करायचा ठराव मंडळ करू शकेल का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पौर्णिमेला विहारात घेऊन या. येताना एक मूठ घोळही आणा, आधी ओळखू, मग शिजवू. जय भीम.